वाणातला हेडसेट

२६ एप्रिल २०२६, रविवार

रिमोट फुटला. अनुरागने भिंतीवर आपटला — माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर! टीव्हीचा आवाज मोठा होता म्हणून. "बाबा, पूरी सोसायटी सुन रही है! मला काही ऐकू येत नाहीये!" त्याला काय ऐकायचं होतं? बंदुका. गुडगावला मोठी नोकरी आहे, डोक्यावर केस पांढरे व्हायला लागलेत, लग्नाचं नाव काढू देत नाही, आणि रविवार आला की दुपारभर संगणकावर माणसं मारतो. शेजारी कोणी नसतं, तरी ओरडतो. सगळे आपापल्या घरून खेळतात म्हणे, आणि एकमेकांशी बोलतात. आमचे जावई सुधन्वारावही नोएडातून त्यात असतात.

पार्वती म्हणाली, "अहो, तुम्हीच आवाज कमी करायचा होता ना." म्हणजे चूक माझीच. कान गेले हाही माझाच गुन्हा. रिमोटची एक बॅटरी पलंगाखाली गेली ती सापडली नाही. पडल्या पडल्या पेट घेते का ती?

संध्याकाळी अनुराग आला. माफी नाही मागितली. हातात त्याचा तो खेळायचा हेडसेट. "मी ऑफिसला गेलो की हा लावून टीव्ही बघत जा." स्वतःच माझ्या डोक्यावर चढवला. दोन्ही कानांवर मऊ उशा बसल्या आणि — काय सांगू! बातम्या देणाऱ्या बाईचा श्वाससुद्धा ऐकू आला. कित्येक वर्षांनी 'स' आणि 'श' वेगळे ऐकले.

पण बातम्या खुनाच्याच होत्या. तेही स्पष्ट ऐकू आलं.

२९ एप्रिल

हेडसेटचा त्रास लिहून ठेवतो. चष्म्याची काडी. उशी काडीला दाबते, काडी कानामागच्या हाडात रुतते. चष्मा काढला तर दिसत नाही, हेडसेट काढला तर ऐकू येत नाही. शेवटी काड्या उशीच्या वरून घेतल्या, चष्मा कपाळावर चढला. पार्वती हसून हसून खाली बसली.

दुसरं, वजन. पट्टी बरोबर टकलावर बसते. तिसरं, घाम. कूलरसमोर बसूनही कानांत पाणी होतं. कानात बुरशी धरली तर असलेलं ऐकणंही जाईल. मी आता आत रुमालाचे तुकडे घालतो. अनुराग म्हणतो, "यार बाबा, उशीला खोबरेल लावलंत!" लावलं नाही, लागलं.

पण काढवत नाही. दुपारी पार्वती पोळ्या लाटताना पुटपुटत होती, टीव्ही थांबवला तर तेही नीट ऐकू येईल असं वाटलं. नाही आलं. उशा बाहेरचं आत येऊ देत नाहीत. बरंच आहे.

३ मे, रविवार

आज ऐकलं ते लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

दुपारी अनुरागचा खेळ चालला होता. खाली कुरियरवाला आला, म्हणून तो हेडसेट टेबलावर ठेवून गेला. मी लावला. गंमत म्हणून! त्या खेळात गोळ्या कुठून येतात ते कळतं. डावीकडून आली तर डाव्या कानात. मागून पावलं वाजली की मान आपोआप वळते. मी तर खुर्ची धरून बसलो. कोणीतरी अगदी उजव्या कानाशी मेलं, घशात रक्त भरल्यासारखा आवाज करत.

मग सुधन्वारावांचा आवाज. "पीछे है, पीछे! ठोक साले को!" त्यांचा आवाज डावीकडून नाही, उजवीकडून नाही. मधोमध. डोक्याच्या आत बोलल्यासारखा.

आणि त्याच मधल्या जागी एक बाई म्हणाली, "जेवायला कधीचं वाढून ठेवलंय." मराठीत. मग फटकन आवाज. एक. मग लगेच दुसरा, जड. काहीतरी घसरत गेलं, भांडं पडलं. "नको ना — केस सोड —" आणि सुधन्वाराव, त्याच दमात: "हाँ हाँ, मैं कव्हर देता हूँ, तू आगे जा."

उत्तरा. माझी लेक, माझी उत्तरा!

अनुराग वर आला, तोवर मी हेडसेट मांडीवर धरून बसलेलो. त्याला सांगितलं. तो हसला. "गेम आहे तो बाबा. त्यात बायकापण असतात. किंचाळतात." मी म्हटलं, खेळातला आवाज कुठल्या तरी बाजूने येतो. हा मधून आला, जावई बोलतात तिथून. त्याचं हसू थांबलं. "तुम्ही माझ्या वस्तूंना हात लावू नका," म्हणाला, आणि माझ्या हातातून हिसकावून घेतला. चष्म्याची काडी वाकली.

४ मे

सकाळी उत्तराला फोन केला. पार्वती भाजीला गेलेली होती म्हणून.

"काल काय झालं?"

"कुठे काय झालं बाबा?"

"सुधन्वाराव खेळत होते तेव्हा. मी ऐकलं."

मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, "चिडतो तो कधी कधी. त्याचा हेडसेट जुना आहे ना, फार घट्ट आहे. कान लाल होतात, डोकं ठणकतं. मग मध्ये कोणी बोललं की —"

"की काय?"

"कुकर झाला बाबा. ठेवते."

कुकरची शिट्टी मला ऐकू आली नव्हती. पण माझ्या कानांचा काय भरवसा.

पार्वतीला सांगितलं. तिने भाजीची पिशवी खाली ठेवली नाही. "मुलीच्या संसारात कान घालू नका. आणि जावयांचं नाव बाहेर काढू नका, सोसायटीत महाराष्ट्र मंडळाची माणसं राहतात." मग आत जाऊन कोबी असा चिरला की पाटावर सुरीचे घाव पडले.

६ मे

काही खाल्लं नाही. मी सातवी शिकलेला माणूस, इथे दिल्लीत केंद्राच्या मंत्रालयात दफ्तरी म्हणून फायली शिवल्या. जावई इंजिनिअर, त्यांचे वडील मोठे साहेब होते. त्यांच्यापुढे उभं राहून काय बोलायचं? वाक्यं जुळवतो, मोडतात. दुपारी डोळा लागला तर स्वप्नात माझ्या हातात त्या खेळातली बंदूक. कोण समोर होतं ते लिहीत नाही.

१० मे, रविवार

सुचलं! पुढच्या रविवारी अधिक महिना लागतोय. तीन वर्षांनी येतो. जावयाला वाण द्यायचं असतं — पार्वतीने तांदूळ भिजत घातलेत अनारशांसाठी, चांदीचा दिवा आणायचं चाललंय. मी म्हटलं, दिव्यासोबत हेडसेट देऊ. चांगला, सैल, हलका. डोकं दुखणार नाही असा.

पार्वती: "वाणात हेडसेट? कोणी ऐकलं तर हसतील."

अनुराग मात्र लगेच तयार झाला. "बिल्कुल! त्याला हवाच आहे. त्याचा माइक एकदम बकवास आहे, घरातलं सगळं ऐकू येतं आम्हाला."

घरातलं सगळं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो पोळी मोडत होता.

१६ मे

नेहरू प्लेसला गेलो, अनुरागबरोबर. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. दुकान दुसऱ्या मजल्यावर, भिंतभर हेडसेट टांगलेले, कापून टांगलेल्या कोंबड्यांसारखे.

मी एकेक लावून बसलो. चष्म्यासकट. पहिला — कानाची पाळी चिमटली. दुसरा — हलका, पण पट्टी कवटीत रुतते. तिसऱ्याच्या उशा रेक्झिनच्या, घामाने चिकटल्या. चौथा कापडी. तो डोक्यावर आहे हेच कळेना. मी डोळे मिटून बसून राहिलो. ठणका कुठे सुरू होतो का बघत होतो. मान हलवली, जबडा हलवला, रागात दात आवळल्यासारखे आवळून पाहिले. रागातही टोचला नाही.

दुकानदार म्हणाला, "अंकल, सो गए क्या?"

मी विचारलं, "भैया, इसको दो-चार घंटा लगाया तो सिर नहीं दुखेगा ना? ग़ुस्सा नहीं आएगा?"

"ग़ुस्सा तो गेम से आता है अंकल, हेडसेट से नहीं!" सगळे हसले. अनुराग मान खाली घालून मोबाइल बघत होता.

मग दुकानदाराने त्याचा माइक ओढून दाखवला. "इसके मुँह के पास जो बोलेगा, बस वही सुनाई देगा. पीछे बारात निकल जाए, किसी को पता नहीं चलेगा." अनुराग म्हणाला, "हाच द्या."

मीही म्हटलं, हाच. कापडी उशा होत्या ना.

२४ मे, रविवार

जावई जेवून गेले.

उत्तराने पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घातला होता. चव्वेचाळीस डिग्रीत! पार्वतीनेही पाहिलं. तिने पंखा उत्तराकडे वळवला.

पाट मांडला, रांगोळी काढली. रीतीप्रमाणे मी जावयांचे पाय धुतले. ते म्हणत होते, "अरे बाबा, राहू दे यार, हे काय!" पण पाय पुढे केलेले. मी वाकलो तेव्हा त्यांचा हात गुडघ्यावर होता, अगदी माझ्या डोळ्यांसमोर. बोटांच्या सांध्यांवर खरचटलेलं, खपली धरलेली. माझ्या हातात तांब्या होता. पितळी, भरलेला. घालावा का कपाळात? — एवढं मनात येऊन गेलं, आणि मी त्यांच्या पायांना गंध लावलं.

तेहेतीस अनारसे, दिवा, आणि खोका. त्यांनी दिव्याकडे पाहिलंही नाही. खोका तिथेच फाडला. हेडसेट लावला, डोकं हलवलं. "बाबा! एकदम मख्खन! काय चॉइस आहे तुमची!" मला मिठी मारली. मीही पाठीवर हात फिरवला. काय करणार?

जाताना लिफ्टपाशी उत्तराला विचारलं, "आता नीट होईल ना गं?" ती म्हणाली, "हो बाबा. खूप मऊ आहे." माझ्या वाकड्या काडीला हात लावून सरळ करायला लागली. नाही झाली.

३१ मे, रविवार

अनुराग चहा घ्यायला उठला तेवढ्यात मी त्याचा हेडसेट लावला. बराच वेळ ऐकलं. सुधन्वारावांचा आवाज स्वच्छ, धुतल्यासारखा. हसत होते. कोणाला तरी "सोड यार, नेक्स्ट टाइम" म्हणाले! चिडले नाहीत. मागे काही नाही. फटका नाही, भांडं नाही. पूर्ण शांत.

पार्वतीला सांगितलं. तिने देवाला हात जोडले. "बघा, अधिक पावला."

आज दोन वाट्या भात खाल्ला. नेहरू प्लेसच्या उन्हात निघालो होतो, ते सार्थकी लागलं.

५ जून, शुक्रवार

मूर्ख! मूर्ख म्हातारा!

आज टीव्हीवर जाहिरात लागली, तशाच हेडसेटची. माणूस बोलतोय, मागे रस्ता खोदतायत, पण त्याचं फक्त बोलणं ऐकू येतं. माझ्या हातातला चहा सांडला. अनुराग घरूनच काम करत होता. त्याच्या खोलीत गेलो.

"सुधन्वारावांच्या घरातला आवाज आता येत का नाही?"

"नवीन माइक आहे ना. बॅकग्राउंड काटतो."

"पंख्याचा येतो?"

"नाही."

"दाराची बेल?"

"नाही बाबा."

"कोणी रडलं तर?"

त्याने स्क्रीनवरून मान वर केली नाही. "तुम्ही औषध घेतलं का?"

रविवारी मी जे ऐकून जेवलो ते काही नव्हतं. काहीच नव्हतं! मी जाऊन, बसून, दात आवळून, निवडून आणलं ते! उत्तराला फोन केला. लागत नाही. पुन्हा केला. पुन्हा.

६ जून

फोन बंद. सुधन्वारावांचा मेसेज अनुरागला आला — उत्तराचा मोबाइल पाण्यात पडला. पार्वती म्हणते पडत असेल.

८ जून, सोमवार

डाव्या हाताने लिहितोय. उजवा प्लास्टरमध्ये आहे. काल झालं ते लिहायलाच हवं, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

काल दुपारी पार्वती जरा आडवी झाली होती. उरलेल्या अनारशांचा स्टीलचा डबा घेतला, देवळात जातो म्हणालो आणि मेट्रोत बसलो. द्वारकेपासून नोएडापर्यंत उभ्या दिल्लीतून डबा छातीशी धरून.

उत्तराने दार उघडलं. डावा डोळा मिटलेला, वांग्यासारखा. ओठ फाटलेला, ओढणीला रक्त, ओलं. "बाबा? आत्ता? न सांगता?" आणि माझ्या मागे बघितलं, शेजारी कोणी आहे का म्हणून.

आतल्या खोलीत तो बसला होता. पाठ माझ्याकडे. डोक्यावर मी निवडलेल्या कापडी उशा. "मार, मार, सिर में मार!"

मी म्हटलं, "सुधन्वाराव."

नाही. पुन्हा म्हटलं. ओरडलो! त्याला काहीच ऐकू जात नव्हतं. मी पुढे झालो आणि हेडसेट ओढला.

त्याने मागे पाहिलं नाही. न बघताच हात मागे फिरवला. उलटा, वजन घालून. माझ्या तोंडावर बसला. कवळी फुटली, चष्मा उडाला, मी शूजच्या रॅकवर आदळलो, मनगट अंगाखाली गेलं. कट्ट झालेलं मलाही ऐकू आलं.

मग वळला. "बाबा! सॉरी, सॉरी! मला वाटलं —"

थांबला. काय वाटलं ते बोलला नाही. न बघता मारायचा सराव झालेला हात होता तो.

हेडसेट जमिनीवर पडला होता, खेळ अजून चालूच होता. उत्तराने तो उचलला. माइक ओठांशी आणला, रक्त लागलं त्याला. म्हणाली, "दादा, मी उत्तरा."

सुधन्वा तिच्यावर धावला. केस धरले. तिने माइक सोडला नाही. "याने आत्ता बाबांना मारलं. मला रोज मारतो. दादा, तू दोन वर्षं ऐकतोयस ना? मला माहीत आहे तू ऐकतोस. मी तुझं नाव घेऊन ओरडायचे, तू म्यूट करायचास. आज मी अगदी जवळून बोलतेय. ऐक."

त्याने तिचं डोकं भिंतीवर आपटलं. मी डावीकडे चाचपडलो, डबा हाताला लागला. त्याच्या नडगीवर हाणला. हाड लागलं. पुन्हा हाणला. अनारसे खोलीभर उडाले. तो खाली बसला, तेव्हा गुडघ्यावर हाणला, हातावर हाणला. सुधन्वा किंचाळत होता आणि मला बरं वाटत होतं. लिहून ठेवतो — मला बरं वाटत होतं. शेजारच्या सरदारजींनी येऊन मला मागे ओढलं. "बस, बाऊजी, बस! मर जाएगा!"

पोलीस आले. हॉस्पिटलमध्ये उत्तराने जबाब दिला, सही केली. मीही डाव्या हाताने केली. माझ्यावरही केस होईल म्हणतात. होऊ दे.

घरी आणलं तिला. पार्वतीने दार उघडलं, तिच्या डोळ्याकडे पाहिलं, आणि तिला आपल्या पलंगावर निजवलं.

अनुराग दोन तासांनी खोलीबाहेर आला. मला वाटलं, बहिणीचे पाय धरील. म्हणाला, "सगळ्यांसमोर कशाला, बाबा? टीममध्ये माझा मॅनेजर होता."

९ जून

उत्तरा झोपते, दचकून उठते. पार्वती शेजारी बसून असते. मला चष्मा नाही, कवळी नाही. पातळ खिचडी. अनुराग जेवायला येत नाही. आतून टेबलावर मुठी आपटल्याचा आवाज येतो. त्या खेळातून त्याला काढून टाकलंय म्हणे.

मला भीती वाटते. कशाची ते नीट सांगता येत नाही.

११ जून

आज अनुरागने उत्तराच्या थोबाडीत मारली. "ऑफिसात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस!" म्हणत. तिने हातही वर केला नाही, नुसती बघत राहिली.

मी उठेपर्यंत पार्वती त्या दोघांच्या मध्ये उभी होती. आता दारात भरलेली बॅग आहे. तिनेच भरली. अनुरागची.